फोन उचलल्यानंतर

नोव्हेंबर १९३५मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि आत अडकलेल्या पाच जणी गेल्या. एका शेजाऱ्यानं अग्निशमन दलासाठी फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजनं त्याला रांगेत ताटकळत ठेवलं. संतापून त्यानं ‘टाइम्स’च्या संपादकांना पत्र लिहिलं. प्रकरण सरकारपर्यंत गेलं, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. त्यावर फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, आणि ऑपरेटरनं हातातलं सगळं बाजूला ठेवून तो आधी घ्यायचा.

वेळेत न घेतलेल्या फोनच्या पोटी या सेवेचा जन्म झाला, आणि तिची मोजमापंही तिथंच अडकून राहिली. अमेरिकेत या क्षेत्रातल्या राष्ट्रीय संघटनेचं मानक आहे की नव्वद टक्के फोन १५ सेकंदांच्या आत आणि पंच्याण्णव टक्के २० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. आपल्याकडेही मंत्री आणीबाणीचे फोन घेणाऱ्या कक्षाला भेट देतात तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवून त्यांना हेच आकडे सांगितले जातात: किती फोन आले, किती सेकंदांत घेतले, गाडी किती मिनिटांत पोचली. हे आकडे हवेतच. पण फोन उचलल्यानंतर त्या खुर्चीतली मुलगी काय बोलते, तिला काय माहीत असतं, कशाची मुभा असते आणि अडलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं, हे कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की कॉल घेणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकीचं मूळ बहुतेक वेळा तिच्या मागच्या खुर्चीत, म्हणजे सुपरवायझरच्या खुर्चीत असतं. आणि ती खुर्ची कशासाठी आहे हे आपण अजून ठरवलेलंच नाही. कोणी तिथं हजेरी मांडणारा बसवतो, कोणी आकडे वर पाठवणारा, तर कोणी चूक पकडणारा. आणीबाणीच्या कक्षात या तिन्हींपेक्षा वेगळ्या माणसाची गरज असते.

आपल्याकडची रचना आधी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीच्या रचनेत गाड्या ९३७, त्यांत २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर. सगळ्या राज्याचे फोन पुण्यातल्या कक्षात येतात. पोलिसांसाठी १०० नंबर होता. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर देशभर एकच ११२ क्रमांक करायचं ठरलं, २०१८च्या अखेरीस हिमाचल प्रदेशापासून तो सुरू झाला आणि २०२१मध्ये आपल्याकडे आला. आपल्या राज्याचे ११२ चे फोन नवी मुंबईत महापे इथं किंवा नागपूरला उचलले जातात. तिथला कॉल टेकर माहिती भरून घेतो, ती जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधल्या डिस्पॅचरला जाते आणि तिथून गाडीवरच्या एमडीटीवर, म्हणजे गाडीतल्या स्क्रीनवर. म्हणजे चंद्रपूरच्या गल्लीतला आरडाओरडा शेकडो किलोमीटर लांबच्या माणसाच्या कानात पडतो आणि पुन्हा चंद्रपूरला येतो. यंत्राच्या दृष्टीनं हा सेकंदांचा प्रवास. ऐकणाऱ्या माणसाला मात्र तो एवढा सोपा नसतो.

ज्या दोन घटनांनी ही सेवा जगभर हादरली त्यांचे अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. पहिली न्यूयॉर्कची, ११ सप्टेंबर २००१ची. विमान पहिल्या मनोऱ्यावर आदळल्यावर आत अडकलेल्या माणसांनी ९११ ला फोन लावले. ऑपरेटरांनी उंच इमारतींसाठीच्या ठरलेल्या नियमाप्रमाणं अनेकांना सांगितलं, जागचे हलू नका, मदत येते आहे. वस्तुस्थिती अशी होती की नऊ वाजायच्या आत, आठ सत्तावन्नपर्यंतच, खाली उभ्या असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी दोन्ही मनोरे पूर्ण रिकामे करायचं ठरवलं होतं. हा निर्णय फोन घेणाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. विमान नेमकं कुठल्या मजल्यांवर आदळलं हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळं आपण आगीच्या वर आहोत की खाली, हे विचारणाऱ्या माणसाला उत्तर देता येत नव्हतं. काहींनी विचारलं, गच्चीवर जाऊ का? गच्चीवरून सुटका होणार नाही हे ठरलं होतं, पण तेही कोणी फोन घेणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. चौकशी आयोगानं पुढं लिहिलं की फोन घेणाऱ्यांना बचावकार्याच्या चमूचाच भाग मानलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट सुचवायला एवढा मोठा अहवाल लिहावा लागला.

दुसरी घटना लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची. १४ जून २०१७. रात्री बारा चोपन्नला पहिला फोन आला, चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून. इमारतीच्या बाहेरच्या आवरणानं पेट घेतला आणि आग वर चढत गेली. घराघरांतून फोन येत होते आणि कक्षातले लोक सांगत होते की घरातच थांबा, कारण ब्रिटनमध्ये अशा इमारतींसाठी तोच नियम होता: आग एका घरापुरती राहील, बाकीच्यांनी दार लावून आत बसावं. हा सल्ला मागे घेतला गेला तेव्हा दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. बहात्तर माणसं गेली. सर मार्टिन मूर-बिक यांचा पहिल्या टप्प्याचा अहवाल ऑक्टोबर २०१९मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की दीड ते एक पन्नासच्या दरम्यानच लोकांना बाहेर काढायचा निर्णय व्हायला हवा होता.

त्या अहवालातली कंट्रोल रूमवरची पानं या कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकानं वाचावीत. ऑपरेटर सगळ्यांकडून घर क्रमांक, माणसं किती, चालता न येणारं कोणी आहे का, हे विचारू शकले नाहीत. जवान अडकलेल्या माणसांपर्यंत पोचतीलच असं ते गृहीत धरून बोलत राहिले. हे वाचून त्या ऑपरेटरांना दोष द्यावासा वाटतो, आणि आपल्याकडे तो दिलाच गेला असता. अहवाल मात्र तिथं थांबत नाही. एवढ्या मोठ्या संख्येनं अडकलेल्या माणसांचे फोन एकाच वेळी आले तर कक्ष कसा चालवायचा, याचं प्रशिक्षण अग्निशमन दलानं कक्षातल्या वरिष्ठांनाच दिलं नव्हतं, असं तो स्वच्छ लिहितो. आणि याच लंडनमध्ये जुलै २००९ला लाकानल हाऊसच्या आगीत सहा जण गेले होते, तेव्हाही हेच झालं होतं. आठ वर्षांत धडा कागदावर राहिला आणि हेडफोन घातलेल्या माणसापर्यंत आला नाही.

या दोन्ही ठिकाणी ऑपरेटरनं नियम पाळला होता. नियम मोडायचा असेल तर तो कोणी मोडायचा, हे ठरलेलं नव्हतं. एकट्या ऑपरेटरनं तो मोडावा अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे, कारण तिच्यासमोर एकच माणूस असतो, एकच खोली, एकच धूर. शेजारच्या वीस खुर्च्यांवर काय ऐकू येतंय हे तिला कळत नाही. ते कळू शकणारा माणूस त्या खोलीत एकच असतो: सुपरवायझर. वीस जणी एकाच वेळी ‘घरातच थांबा’ म्हणताहेत आणि वीसही ठिकाणी धूर वाढतोय, हे चित्र फक्त त्याला दिसतं. तेव्हा बाहेरच्या अधिकाऱ्याला फोन करून ‘तुमचा सल्ला चालत नाहीये, बदला’ असं सांगायचं काम त्याचं, आणि बाहेर निर्णय बदलला की तो अर्ध्या मिनिटात वीसही कानांत घालायचं कामही त्याचंच. हे करायला तो खोलीत फिरता हवा. काचेच्या केबिनमध्ये बसून महिन्याचा अहवाल भरणाऱ्याला हे दिसायचं नाही.

आता माझ्या पाहण्यातली गोष्ट. मी एका आपत्कालीन कक्षात शिफ्ट सांभाळत असे. पावसाळ्यातली रात्र होती. पलीकडचा माणूस ओरडत होता, “मॅडम, बाई अडलीया, गाडी धाडा लवकर.” गाव विचारलं तर म्हणाला, पिंपळगाव. महाराष्ट्रात पिंपळगावं, वडगावं, पिंपऱ्या किती आहेत ते सांगायला नको. तालुका विचारला तर त्यानं बाजाराच्या गावाचं नाव घेतलं. त्या नावाचा तालुका नव्हता. टॉवरवरून जे ठिकाण दिसत होतं त्यानं कित्येक किलोमीटरचा पट्टा व्यापला होता, मध्ये एक नदी. कॉल घेणारी मुलगी दोन वर्षांपूर्वी बारावी होऊन आलेली. ती म्हणाली, “काका, तुमच्या गावातनं एसटी पुढं कुठं जाते?” “पुढं कुठं न्हाई, मुक्कामी असती.” “आणि दूध कुठल्या डेअरीला घालता?” त्यानं नाव सांगितलं. ते ऐकून शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा माउथपीसवर हात ठेवून वळला आणि म्हणाला, “अगं, ते घाटाखालचं. माझ्या मावशीचं गाव त्याच्या पलीकडं आहे. नदीवरचा पूल पाण्यात असेल, गाडी वरनं पाठव.” गाडी वरून गेली. ती येईपर्यंत ही मुलगी त्या घरातल्या म्हातारीशी बोलत राहिली: पाणी गरम ठेवा, स्वच्छ धडुतं घ्या, काही ओढू नका, बाळ आलंच तर पुसून आईच्या अंगावर ठेवा.

महिनाअखेर तिच्या गुणपत्रकात या कॉलसमोर लाल खूण आली. कॉलचा कालावधी ठरलेल्या सरासरीच्या कितीतरी पुढं गेला होता, आणि शेरा होता ‘अनावश्यक प्रश्न’. दुधाचा प्रश्न स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रश्नांत, नव्हता. मी लेखी हरकत घेतली. खूण तशीच राहिली, आणि त्या महिन्याचे तिचे प्रोत्साहनाचे पैसेही गेले.

ही खूण करणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्याकडचा तक्ता विमा आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कॉल सेंटरच्या धंद्यातून आलेला होता. तिथं कॉल जितका लांबेल तितका खर्च वाढतो, म्हणून सरासरी कालावधी, ज्याला सगळे एएचटी म्हणतात, तो खाली ठेवणं हेच सुपरवायझरचं मुख्य काम. तोच माणूस, तोच तक्ता, तीच भाषा आणीबाणीच्या कक्षात आली. इथं मात्र काही कॉल पंधरा सेकंदांत संपले पाहिजेत आणि काही गाडी दारात लागेपर्यंत धरून ठेवले पाहिजेत. दोन्हींची सरासरी काढून त्यातून काय शिकायचं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

केंद्रीकरणाचा प्रश्नही इथंच येतो. राज्याचा एक कक्ष असण्यात फायदे आहेत. एका जिल्ह्याची लाइन तुंबली तर दुसरीकडचा माणूस फोन घेऊ शकतो, यंत्रं एकाच जागी सांभाळता येतात. पण भामरागडच्या माणसाची माडिया आणि धडगावची पावरी ऐकणाऱ्याला समजली नाही, तर पाच सेकंदांत उचललेला फोनही वाया जातो. यंत्र ही उणीव भरून काढेल असं मानणाऱ्यांनी लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसचा १९९२चा अनुभव बघावा. २६ ऑक्टोबरला त्यांनी संगणकाच्या हाती गाड्या वाटायचं काम दिलं. तोवर प्रत्येक भागाचे वाटप करणारे लोक वेगवेगळे होते, त्यांना आपापल्या भागातले रस्ते आणि गाड्यांवरची माणसं तोंडपाठ होती. नव्या रचनेत कक्षातल्या बसायच्या जागाही बदलल्या. इतकी वर्षं ज्यांच्याशी मान वळवून बोलायची सवय होती ती माणसं लांब गेली आणि कागदी नोंदींचा आधारही सुटला. गाड्या नेमक्या कुठं आहेत याचा यंत्राचा हिशेब चुकत गेला, इशाऱ्यांची यादी स्क्रीनवरून वर सरकत दिसेनाशी झाली, एकाच ठिकाणी दोन गाड्या आणि दुसरीकडं एकही नाही असं होऊ लागलं. वाट बघून कंटाळलेले लोक पुन्हा फोन करू लागले आणि फोनचा लोंढा आणखी वाढला. सेवेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. घाटाखालचं पिंपळगाव ओळखणारा मुलगा शेजारच्या खुर्चीवर होता हा योगायोग. पण असे योगायोग व्हावेत अशी बैठक रचता येते. कुठल्या पाळीत कुठल्या भागाची माणसं आहेत, कोणाला अहिराणी कळते, कोणाला गोंडी, हे सुपरवायझरच्या समोरच्या कागदावर असायला काय हरकत आहे?

इथं कोणी म्हणेल, मग स्क्रिप्टच नको, ज्याला जे सुचेल ते त्यानं विचारावं, असं तुमचं म्हणणं आहे का? अजिबात नाही. स्क्रिप्टनं माणसं वाचवली आहेत. डॉ. जेफ क्लॉसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीत प्रश्नांचा ठरावीक क्रम आणि गाडी येईपर्यंत द्यायच्या सूचना बांधल्या. त्याआधी अनेक ठिकाणी फोन घेणारा पत्ता लिहून घेऊन फोन ठेवून देई. सिएटलच्या किंग काउंटीमध्ये हृदय बंद पडलेला माणूस ओळखायला दोनच प्रश्न आधी विचारतात: शुद्धीवर आहे का, आणि नेहमीसारखा श्वास चालू आहे का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की एक क्षणही न दवडता छाती दाबायला सांगायचं. दुसऱ्या प्रश्नातलं ‘नेहमीसारखा’ फार महत्त्वाचं आहे. नुसतं ‘श्वास चालू आहे का’ विचारलं तर घरची माणसं म्हणतात, “हो हो, घोरतायत ना.” ती घोरण्याची घरघर म्हणजे बंद पडलेल्या हृदयाची शेवटची धडपड असू शकते. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते, आणि त्या मिनिटांत गाडी पोचणं पुण्या-मुंबईतही अवघड. तेव्हा फोनवरची मुलगीच सगळ्यात आधी पोचलेली असते. तिनं मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगानं मोठ्यानं आकडे मोजत राहायचं आणि पलीकडच्या सुनेनं सासऱ्याच्या छातीवर दाब द्यायचा.

हे स्क्रिप्टशिवाय कोणालाही जमणार नाही. मध्यरात्री तीन वाजता, सलग आठव्या तासाला, माणसाची बुद्धी दगा देते. स्क्रिप्ट तिला आधार देतं. माझी तक्रार आहे ती स्क्रिप्टवर देखरेख करण्याच्या पद्धतीबद्दल. ‘नेहमीसारखा’ हा शब्द गाळला म्हणून गुण कापले तर मी त्या सुपरवायझरच्या बाजूनं उभी राहीन, आणि दूध कुठं घालता हे विचारलं म्हणून कापले तर भांडेन. कुठला प्रश्न जीव वाचवतो आणि कुठला फक्त तक्ता भरतो, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्याचे कॉल तपासायला बसवू नये. आणि तो फरक कळायला स्वतः काही वर्षं हेडफोन लावलेला असावा लागतो. थेट पदवी घेऊन आलेल्या व्यवस्थापकाला फ्लोअरवर उभं करणं ही आपल्याकडची मोठी गफलत आहे.

कोऱ्या फोनांचं उदाहरण घ्या. २०१६च्या नियमानं मोबाइलमध्ये आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. ते खिशात दाबलं जातं, लहान मुलं दाबतात. पलीकडं काहीच आवाज नाही असे फोन कक्षात सतत येतात, शिव्या देणारे, गंमत करणारे वेगळेच. सलग तीस कोरे फोन घेतल्यावर एकतिसावा कापायला बोट आपोआप पुढं जातं. पण मार खाणारी बाई, नवरा शेजारच्या खोलीत असताना, बोलू शकत नाही. तिचा फोनही कोराच असतो. ब्रिटनमध्ये यासाठी व्यवस्था आहे: मोबाइलवरून आलेल्या अशा मूक फोनला खोकायला किंवा फोनवर टकटक करायला सांगतात, आणि ५५ दाबलं की फोन पोलिसांकडं जातो. या व्यवस्थेत दोष असतील, पण तिनं एक मोठं काम केलं आहे. फोन धरायचा की सोडायचा, या निर्णयाचं ओझं एकट्या ऑपरेटरच्या डोक्यावरून काढून संस्थेनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आहे. मी पाहिलेल्या कक्षात ते त्या मुलीच्या अंदाजावर होतं. अंदाज बरोबर आला तर कोणाला कळत नसे, चुकला तर तिचं नाव पेपरात येईल अशी तिला भीती.

त्या भीतीचं दुसरं नाव रेकॉर्डिंग. प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होतो, आणि तो उघडला जातो तक्रार आल्यावर. नियंत्रण कक्षाच्या नोंदी किती मोलाच्या असतात हे महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर कळलं. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्यासोबत मारले गेलेले अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात मुंबई पोलिसांच्या कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. त्यातल्या आक्षेपांवर वाद झाला, ते आक्षेप नाकारले गेले. त्या वादाचा निवाडा करायला मी इथं बसलेली नाही. मला टोचतं ते एवढंच की शहराच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण रात्री कक्षात काय ऐकलं गेलं आणि काय पुढं गेलं, हे समजून घ्यायला एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला अर्ज करावा लागला. अशा नोंदी खुद्द कक्षातल्या लोकांसमोर उघडून, दोष न लावता, मिनिटामिनिटानं ऐकल्या गेल्या पाहिजेत. विमान अपघातानंतर कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण जगभर असंच अभ्यासलं जातं.

आणि फक्त भीषण रात्रींचे कशाला? साधे, बरे झालेले कॉल ऐकावेत. आठवड्याला दोन कॉल निवडावेत, एक सुपरवायझरनं आणि एक त्या मुलीनं स्वतः, आणि दोघांनी शेजारी बसून ऐकावेत. मी हे करून पाहिलं आहे. मुली स्वतःच्या कॉलमध्ये जे ऐकतात ते कुठल्याही तपासनिसाला ऐकू येत नाही. एक जण मला म्हणाली, “इथं मी ‘शांत व्हा’ म्हणाले बघा मॅडम, आणि तो आणखी भडकला. मी त्याला काम द्यायला पाहिजे होतं.” पुढं ती घाबरलेल्या माणसाला आधी कामाला लावू लागली: दार उघडा, दिवा लावा, कोणालातरी रस्त्यावर उभं करा. हे तिला कोणी गुण कापून शिकवलं नव्हतं.

या कामाची एक पीडा अशी की शेवट कधीच कळत नाही. गाडी पोचली की फोन बंद, आणि लगेच पुढचा. बाळ जगलं का, सासरे शुद्धीवर आले का, ती बाई घराबाहेर पडली का, काही समजत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या ९११ च्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घटनास्थळी न जाताही, निव्वळ फोनवर ऐकून मनावर आघात होतो आणि त्याची लक्षणं मागे राहतात, हे त्यातून पुढं आलं. तरीही अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात हे लोक वर्षानुवर्षं कार्यालयीन कारकुनांत मोजले गेले. आम्हाला पोलीस आणि अग्निशमनवाल्यांच्या रांगेत घ्या, ही त्यांची मागणी जुनी आहे. आपल्याकडं तर यातल्या कितीतरी जणी ठेकेदाराच्या कंत्राटी कर्मचारी. एखाद्या आईच्या हंबरड्यानंतर पाच मिनिटं खाली जाऊन चहा घ्यायचा तरी स्क्रीनवर ‘ब्रेक’ पडतो आणि दिवसाच्या हिशेबात धरला जातो. ती पाच मिनिटं देण्याचा अधिकार सुपरवायझरला हवा, वर कोणाला विचारावं न लागता. शेवट कळवण्याची सोयही अवघड नाही. रुग्णालयात रुग्ण पोचल्याची नोंद गाडीवरचा डॉक्टर करतोच. तिच्यातली एक ओळ कॉल घेणाऱ्या खुर्चीपर्यंत परत येऊ द्यायची. मृत्यूची बातमी असेल तर ती सुपरवायझरनं शेजारी बसून सांगायची.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आणि जबाबदारीचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. एका अनुभवी सुपरवायझरच्या मागे आठ-दहाच खुर्च्या ठेवायच्या म्हटलं तर खर्च वाढणार. सरकार म्हणतं, तेवढ्यात दहा गाड्या वाढतील. गाड्या कमी आहेत हे खरंच आहे, आणि दुर्गम तालुक्यात गाडीच नसेल तर फोनवरचं उत्तम बोलणंही अपुरं पडतं. पण चुकीच्या पिंपळगावला गेलेली गाडी ही नसलेल्या गाडीसारखीच असते, किंबहुना जास्त महाग, कारण ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याची होती. जबाबदारीचं म्हणाल, तर आकड्यांशिवाय ठेकेदाराला जाब कसा विचारायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: आकडे बदला. किती सेकंदांत फोन उचलला हे मोजाच. त्याच्या जोडीला पत्ता पहिल्या प्रयत्नात बरोबर निघाला का हे मोजा. हृदय बंद पडलेले किती रुग्ण फोनवरच ओळखले गेले आणि छाती दाबायची सूचना किती वेळात दिली गेली हे मोजा. सरासरी कालावधी मात्र गुणपत्रकातून काढून टाका.

या सेवांच्या निविदा पुन्हा पुन्हा निघतात. त्यांत गाडीच्या टायरपासून ऑक्सिजनच्या सिलिंडरपर्यंत सगळ्याची कलमं असतात. पुढच्या निविदेत सुपरवायझरसाठी स्वतंत्र कलम असावं: त्यानं किमान तीन वर्षं कॉल घेतलेले असावेत, त्याच्याकडं दहापेक्षा जास्त खुर्च्या नसाव्यात, मोठ्या आपत्तीत सल्ला बदलून घ्यायला तो थेट कोणाशी बोलेल त्या अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असावं, आणि त्या दोघांनी वर्षातून दोनदा तरी त्याची रंगीत तालीम केलेली असावी. शिवाय त्याच्या हाताखालच्या मुली किती काळ टिकल्या, यावर ठेकेदाराच्या बिलातली काही रक्कम अडवून ठेवावी. घाटाखालचं पिंपळगाव ओळखायला खुर्चीवर काही वर्षं जावी लागतात. दर पावसाळ्याला निम्मी खोली नवी असेल, तर दुधाचा प्रश्न सुचणारी मुलगी तयार होण्याआधीच दुसरीकडं बँकेच्या कॉल सेंटरला लागलेली असते. तिथं पगार बरा असतो आणि रात्री झोप लागते.